खंडेनवमीला पुजलेल्या खुर्च्या

कचेरीत एखादी खुर्ची रिकामी दिसली, की आपल्या मनात पहिली शंका काय येते? माणूस कामचुकार आहे! तो का उठला, हे कोणी विचारत नाही. भोसरीच्या एका कारखान्यात याच शंकेपायी एका मुलीची नोकरी जाणार होती.

कारखाना गाड्यांचे सुटे भाग बनवणारा. खाली यंत्रं, वर ऑफिस. ऑफिसचे सुपरवायझर हिंदुराव मूळचे माण तालुक्यातले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी खाली लेथवर उभ्यानं काढली होती. बढती मिळाली, वर खुर्ची आली, तेव्हाच त्यांनी ठरवलं, की आता आपण उठायचं नाही आणि आपल्या माणसांनाही उठू द्यायचं नाही. पाणी जागेवर, चहा जागेवर, खालच्या माणसांशी बोलायचं ते फोनवर. "बसून काम मिळालंय, नशीब समजा," असं ते सगळ्यांना ऐकवायचे.

निशिगंधा तिथे तयार माल तपासायची. पेट्या तिच्या टेबलावर आणून ठेवत. दिवसभर बसून तिची कंबर धरायची, म्हणून ती मधूनमधून उठून जिन्यापर्यंत फेरी मारून यायची. दिघीला भाड्याच्या खोलीत ती आईला घेऊन राहत होती आणि घर तिच्याच पगारावर चाललं होतं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी हिंदुरावांनी तिला जिन्याजवळ गाठलं.

"बागेत आलाय काय फिरायला?"

"साहेब, कंबर फार दुखते हो. जरा चाललं की बरं वाटतं."

"आमी शिफ्टच्या शिफ्ट उभं राह्यलो, आमची न्हाई दुखली? बसवत नसंल तर दसरा झाला की राजीनामा आणून द्या!"

निशिगंधा खाली मान घालून जागेवर जाऊन बसली. त्या दिवशी ती पुन्हा उठली नाही. सुटताना मात्र टेबलाचा आधार घेऊनच तिला उभं राहता आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली यंत्रं धुऊनपुसून झाली, झेंडूच्या माळा चढल्या. हिंदुराव उत्साहात वर आले. "खालच्यांनी आपापली हत्यारं पुजली. आपलं हत्यार कोणतं? खुर्ची!" असं म्हणून त्यांनी एकेका खुर्चीला स्वतः हळदकुंकू लावलं, माळ घातली, नारळ फोडला.

संगणकावर बसणारा प्रज्वल हळूच म्हणाला, "साहेब, नैवेद्य गादीला दाखवायचा का चाकांना?"

हिंदुरावांनी डोळे वटारले आणि ते आपल्या खुर्चीत टेकणार, एवढ्यात हिशेब बघणाऱ्या सुमनताई ओरडल्या, "अहो, थांबा!" सुमनताई ऑफिसात सगळ्यांत वडीलधाऱ्या, आळंदीहून यायच्या. हिंदुरावांना तोंडावर बोलू शकणाऱ्या त्या एकट्याच.

"काय झालं, ताई?"

"पुजलेलं हत्यार त्या दिवशी वापरत नाहीत. खाली एक तरी मशीन चालू आहे का?"

"खुर्चीचं तसं नसतंय..."

"आत्ताच तुम्ही तिला हत्यार म्हणालात. पुजलीत ना? मग पाळा!"

हिंदुराव देवभोळे. अर्धवट वाकलेले तसेच सरळ झाले. पण करायचं काय? दुपारी टेम्पो येणार होता आणि माल चाकणला आजच पोचायला हवा होता. भाग तयार होते. फक्त नजरेखालून घालून पेट्यांत भरायचे आणि चिठ्ठ्या लावायच्या. वर टेबलाशी बसता येईना, म्हणून शेवटी सगळं ऑफिस खाली मालापाशी उतरलं.

चिठ्ठ्या वर राहिल्या म्हणून हिंदुराव त्या आणायला गेले आणि अर्ध्या जिन्यातच भिंतीला टेकले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. लेथवर एके काळी त्यांच्या शेजारी उभे राहणारे नानासाहेब खालून म्हणाले, "आरं भावा, मागं गडी जड जड सळया उचलायचा. आता चिठ्ठ्या बी जड झाल्या व्हय?"

सगळे हसले. हिंदुरावांना ते लागलं, कारण ते खरं होतं.

निशिगंधा पेट्यांमधून फिरत होती, वाकत होती, भाग उजेडात धरून बघत होती. एका भागाची कड तिला बोचली. एरवी फोनवर वाद झाला असता. आज तिनं तो भाग नानासाहेबांच्या हातात ठेवला. त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बरोबर हाय पोरी. ही पेटी बाजूला काढ." झालं! टेम्पो यायच्या आत माल तयार होता, आणि निशिगंधाचा हात एकदाही कंबरेवर गेला नव्हता. हिंदुराव हे बघत होते.

"ताई," ते सुमनताईंना म्हणाले, "उभ्यानं पाय भरून यायचं, पण मुकादम टेकू द्यायचा न्हाई. तवाच मनात धरलं हुतं, माझ्या हाताखाली कुणी उभं राहणार न्हाई."

"हेतू चांगलाच होता तुमचा. पण मुकादमानं तुम्हाला बसू दिलं नाही आणि तुम्ही या पोरीला उठू देत नाही. चूक दोघांची एकच! शरीर तिचं, दुखणं तिचं. तिला विचारायला नको?"

हिंदुराव पेट्यांकडे वळले. मग त्यांनी निशिगंधाला हाक मारली. "पोरी, राजीनाम्याचं डोक्यातनं काढून टाक. चुकलं माझं. तुला काय पाहिजे ते सांग."

तिचे डोळे भरून आले. "मला रोज खाली मालाजवळ येऊन तपासू द्या, साहेब. दमले तर बसेन."

"आन् आमाला एखादं स्टूल द्या की!" नानासाहेब म्हणाले. "पाय कसं भरत्यात, इसरला काय?"

हिंदुरावांनी हे हसण्यावारी नेलं नाही. दसऱ्यानंतर यंत्रांजवळ स्टुलं आली. वर पाण्याचं पिंप टेबलांपासून लांब, जिन्यापाशी गेलं. खाली काही विचारायचं असेल तर ज्यानं त्यानं उतरून विचारायचं, असं ठरलं. चहाच्या आधी सगळे आवारात हातपाय मोकळे करू लागले. हिंदुराव आधी लाजत होते, आता तेच सगळ्यांना उठवतात. परवा प्रज्वल म्हणाला, "साहेब, आता बसू द्या की जरा!"

"बस की! तुला कुणी बांधलंय?" हिंदुराव म्हणाले आणि स्वतः जिना उतरून खाली गेले. भिंतीला न टेकता.

बंधुभगिनींनो, बसण्यात मान नाही आणि उभं राहण्यात कमीपणा नाही. कामाच्या जागी माणसाला हलण्याची मोकळीक हवी आणि टेकण्याचीही. उद्या शेजारचा सहकारी पाय मोकळे करायला उठला, तर घड्याळाकडे बघू नका. तुम्हीही उठा आणि त्याच्याबरोबर चार पावलं चाला!