आबाजीमामांची उजवी कूस

माझे मामा आबाजी, वय एकाहत्तर, मुक्काम कुडपण. त्यांच्या डाव्या फुफ्फुसाला न्यूमोनिया झाला म्हणून त्यांना महाडच्या एका दवाखान्यात आणलं. उजवं ठणठणीत होतं.

डॉक्टर रंजितांनी सकाळीच मला बाजूला घेतलं. "शरीरातलं सगळं रक्त हवा घ्यायला फुफ्फुसात येतं. माणूस कुशीवर झोपला की खालच्या फुफ्फुसात ते जास्त उतरतं. यांचं डावं खाली आलं, तर रक्त तिथे जाऊन रिकाम्या हाती परत येतं. तेव्हा उजव्या कुशीवरच झोपवा. बोटावरच्या मशीनचा आकडा ब्याण्णवच्या वर राहिला पाहिजे. संध्याकाळपर्यंत नाही राहिला तर मुंबईला हलवू. तो रस्ता त्यांना झेपेल, असं मात्र मी सांगू शकत नाही."

मी विज्ञानाचा पदवीधर. मला वाटलं, एवढंच ना!

उजव्या कुशीला भिंत होती. डाव्या कुशीला दार, आणि त्या दारातून जीप भरभरून कुडपण आत येत होतं. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला न जाणं हा गुन्हा आणि बघायला आलेल्याकडे पाठ करणं हा त्याहून मोठा. त्यात मामा गावकीतले मानाचे. प्रत्येक पाहुण्यासाठी ते ऑक्सिजनच्या नळीसकट डावीकडे वळत, "कवा आलास रे? चाय घेतलीस?" विचारत आणि आकडा सत्त्याऐंशीवर येई.

"मामा, भिंतीकडे तोंड करा."

"पावणा इकडं नि मी भिंतीशी बोलू?"

"रक्त खाली उतरतं मामा, खालच्या फुफ्फुसात..."

"काय कुठं उतरतं ते मला नको शिकवू. डोंगरात भात लावलाय मी."

"मग तुम्हाला तर कळायला पाहिजे!"

"कळतंय रे. पन चांगू एवढ्या लांबनं गाडीत उभा राहून आलाय. त्याला पाठ दाखवू?"

चांगूने मान हलवली. त्यालाही ते बरोबर दिसलं नसतं.

मी उशी उचलून पायथ्याशी न्यायला निघालो, म्हणजे उजवी कूस आपोआप दाराकडे आली असती. गोदूमामींनी ती माझ्या हातातून हिसकावली. "दक्षिणेला पाय? जिते हायत ते अजून!" खाट भिंतीपासून ओढावी, तर दार उघडेना. दारावर मनाईची पाटी लावली. ती वाचून सगळे आत आले, कारण ते फक्त तोंड दाखवून जाणार होते.

तीन वाजता आकडा पंच्याऐंशी. डॉक्टरांनी ॲम्ब्युलन्सला फोन केला. मामींनी पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात सयाजी आले. हे मामांचे चुलत भाऊ. शेताच्या एका बांधावरून दोघांचं एकोणीस वर्षं बोलणं नव्हतं. मामांनी त्यांना पाहिलं आणि उजवीकडे वळून भिंतीकडे तोंड केलं.

मी मशीनकडे बघत राहिलो. सत्त्याऐंशी. नव्वद. थोड्या वेळाने त्र्याण्णव.

"मी जातो," सयाजी म्हणाले. "त्याला रुचलं नाय."

"बसा!" मी असा ओरडलो की शेजारचा पेशंटही उठून बसला.

सयाजी बसले. त्यांचे डोळे भरून आले. "विनीत, मी मिटवायला आलोय रे. बांध मीच दोन हात सरकवलेला..."

मामांचा खांदा हलला. ते वळू लागले. एक्क्याण्णव.

"सयाजीमामा, आज नाही!" मी दात-ओठ खात सयाजींच्या कानाशी पुटपुटलो. "एकोणीस वर्षं थांबलात, डिस्चार्जपर्यंत थांबा."

"मग बोलू काय?"

"बांध माझाच, असं म्हणा."

सयाजींनी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं, पण म्हणाले, "बांध माजाच हाय."

मामा भिंतीला आणखी चिकटले. चौऱ्याण्णव.

नंतर आणखी दोन जीपा आल्या. मामा कुणासाठीच वळले नाहीत. समोर सयाजी बसलेत हे बघून पाहुण्यांनाही ते रास्तच वाटलं. सहाला डॉक्टरांनी आकडा पाहिला, ॲम्ब्युलन्स रद्द केली आणि काय केलंत म्हणून विचारलं. मी सयाजींकडे बोट दाखवलं.

पोलादपूरची एसटी चुकेल म्हणून सयाजी उठले. मामा भिंतीकडे बघतच बोलले.

"विनीत, त्याला इचार, उद्या किती वाजता येतोय. भिंतीकडं वळायला मला तो लागतोय."