गार चेंडू

"हात पुढे कर," वाल्मीकअण्णा म्हणाले, आणि संजनाने हात पुरता उघडायच्या आतच त्यांनी तिच्या तळव्यावर मोसंबीएवढा पिवळा प्लास्टिकचा चेंडू ठेवला. तिने दचकून हात आखडला. चेंडू बर्फासारखा गार होता.

"लागला ना हाताला?" अण्णा खूश झाले. "सकाळपासून केटररच्या डीप फ्रीजरमध्ये होता. मटका कुल्फीच्या शेजारी."

स्टेजमागच्या खोलीत दोघंच होती. बाहेर हॉलमध्ये खुर्च्या सरकत होत्या, माईकवर कुणीतरी उगाच हॅलो हॅलो करत होतं, आणि एप्रिलच्या उन्हाने वरचे पत्रे तडतडत होते.

"यात मालदीवच्या माले संघाची चिठ्ठी आहे," अण्णा आवाज खाली आणून म्हणाले. "दुसऱ्या भांड्यात चार चेंडू असणार. पहिला निघेल तो संघ आपल्या गटात. तू हात घालायचास, गार लागेल तो उचलायचास. संपलं. कुणाला काय कळतंय!"

शहराशहरांतला फुटबॉलचा नगर चषक यंदा पहिल्यांदाच होत होता. सतरा वर्षांखालच्या मुलींचे, शेजारपाजारच्या देशांतल्या शहरांचे सोळा संघ. चार-चारांचे चार गट. प्रत्येक गटातले वरचे दोन पुढे जाणार, खालचे दोन घरी. यजमान म्हणून नाशिकला अ गटातली पहिली जागा आपसूक मिळालेली. बाकीचे संघ चिठ्ठ्यांनी ठरायचे, आणि दुसऱ्या भांड्यातली पहिली चिठ्ठी यजमान संघाची कोच म्हणून संजना उचलणार होती. कोण कुठल्या भांड्यात हे कुठल्या तरी जुन्या क्रमवारीवरून ठरलं होतं, त्यामुळे दुसऱ्या भांड्यात नवखं मालेही होतं आणि काठमांडूही होतं. काठमांडूने गेल्या वर्षी सरावाच्या सामन्यात नाशिकला पाच गोल चढवले होते. सहावा त्यांनी दया येऊन सोडला, असं संजनाच्याच मुली एकमेकींना चिडवत सांगायच्या.

"अण्णा, हे बरोबर नाही," संजना म्हणाली.

"काय बरोबर नाही? मी माझ्या खिशात घालतोय का काही? पोरी दोन सामने जिंकल्या तर स्टेडियम भरेल. टीव्हीवाले येतील. त्या सुरगाण्याच्या पोरींना कुणी तरी बघेल. काठमांडू आलं तर आठवड्यात घरी. मग बसा म्हणावं गावी नागलीच्या भाकऱ्या भाजत."

पंचाईत अशी, की स्पर्धा भरवणारा हा माणूस वाईट नव्हता. द्राक्षं परदेशी पाठवून पैसा केला होता आणि त्यातला बराचसा मैदानावर ओतला होता. हिरवळ त्यांची, दिवे त्यांचे, सुरगाण्याहून आलेल्या मुलींना राहायला खोल्या त्यांच्याच. अशा माणसाला तोंडावर नाही म्हणणं सोपं नव्हतं.

"आणि मी नाही उचलला तर?"

अण्णांच्या चेहऱ्यावरचं हसू हललं नाही.

"तर पुढच्या वर्षी दुसरं कुणी तरी उचलेल. पुण्याचा एक जण कोच म्हणून यायला बॅग भरून बसलाय."

त्यांनी चेंडू रुमालात गुंडाळला आणि ते स्टेजकडे गेले. संजना तिथेच उभी राहिली. तळवा अजून ओला होता. तिने तो ओढणीला पुसला, मग पुन्हा पुसला.

तिला संताप आला होता, आणि तो एकट्या अण्णांचा नव्हता. नाशिक रोडच्या बुद्धविहाराजवळच्या कॉलनीत ती वाढली. राज्याच्या संघात निवड झाली त्या दिवशी शेजारच्या इमारतीतल्या मैत्रिणीची आई पेढा तोंडात घालून म्हणाली होती, तुमचं काय बाई, तुम्हाला मिळतंच. आता फुटबॉलमध्ये कसली आलीये राखीव जागा! तिथे चेंडू जात विचारून पायात येतो का? पण हे त्या बाईला कोण सांगणार? पुढे रेल्वेत नोकरी लागली तेव्हा तेच. कोच झाली तेव्हा तेच. तिने मारलेला प्रत्येक गोल लोकांच्या लेखी तिला कुणी तरी दिलेला होता. आणि आता तिच्या पोरींना खरोखरच कुणी तरी द्यायला निघालं होतं, वरून नाव उपकाराचं.

हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत मुली बसल्या होत्या. सगळ्यांनी केसांना तेल लावून चापूनचोपून वेण्या घातलेल्या. कडेला कर्णधार चांगुणा होती. संजना तिच्याजवळ वाकली.

"काय गं, काठमांडू आलं तर?"

चांगुणाने तिच्याकडे असं पाहिलं, की हा काय प्रश्न झाला!

"येऊ द्या ना मॅडम. त्यांचे पाच गोल हाय आपल्याकडं. ठेवून काय करायचे?"

पलीकडच्या दोघी फिसकन हसल्या. संजनाचं ठरलं. गार चेंडू हाताला लागला की तो बाजूला सारायचा आणि उरलेल्यांतला कुठलाही उचलायचा. जे येईल ते येईल. पुण्याच्या माणसाने बॅग उघडली तर उघडू दे. हे मनाशी म्हणणंही तिला जड गेलं, कारण या मुलींशिवायची संध्याकाळ कशी असते हे ती केव्हाच विसरून गेली होती.

अण्णांचा बेत चोख होता. दीपप्रज्वलन चालू असताना त्यांनी रुमालातला चेंडू हळूच दुसऱ्या भांड्यात सोडला. दिवा लागला की दोन शब्द स्वागताचे, आणि लगेच सोडत. पण अण्णा नाशकातच जन्मले असून एक गोष्ट विसरले. ती म्हणजे सत्कार.

आधी श्रीलंकेहून आलेल्या निरीक्षक बाईंना शाल, श्रीफळ आणि द्राक्षांची पेटी. मग पाहुण्यांना. मग पाहुण्यांच्या सौभाग्यवतींना, कारण त्या आल्याच आहेत. मग माजी अध्यक्ष उशिरा आले, म्हणून पाहुण्यांच्या रांगेत खुर्ची घालून पुन्हा पहिल्यापासून ओळख. हॉल देणाऱ्याचा सत्कार, मांडववाल्याचा सत्कार, कोच म्हणून संजनालाही एक शाल. सूत्रसंचालक शेरावर शेर ऐकवत होता, आणि प्रत्येक शेराला माजी अध्यक्ष मान डोलवत होते. मध्येच लाइट गेले. जनरेटर सुरू झाला, पण त्यावर एसी चालेना. लोक निमंत्रणपत्रिकांनी वारा घेऊ लागले. अण्णा आधी घड्याळाकडे, मग भांड्याकडे, मग सूत्रसंचालकाकडे पाहत होते. शेवटी त्यांनी त्याला डोळ्यांनी खुणावलं. त्याने खूण ओळखली आणि लगेच जाहीर केलं, "आता ज्यांच्यामुळे हा दिवस दिसला, त्या आपल्या वाल्मीकअण्णांचा सत्कार!"

अण्णांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. शाल त्यावर पडली.

संजनाचं नाव पुकारलं गेलं तेव्हा मुली सोडून सगळा हॉल पेंगुळला होता. ती दुसऱ्या भांड्याशी उभी राहिली. बाह्या वर सारल्या, सगळ्यांना हात उघडा दाखवला, तोंड स्टेजच्या मागच्या पडद्याकडे फिरवलं आणि हात भांड्यात घातला.

पहिला चेंडू कोमट. ठीक. दुसरा कोमट. तिसरा कोमट. तिने चौथा चाचपला. तोही कोमट.

तिने पुन्हा एकदा चारही फिरवून पाहिले. काही फरक नव्हता. सगळे सारखे, उकाड्याने घामेजलेले. आणि संजनाला एकदम रडू येईलसं वाटलं. इतक्या कष्टाने तिने मन घट्ट केलं होतं, ते आता कशावर आपटायचं? सोडून द्यायला हातात गार काही नव्हतंच. आता माले निघालं तर अण्णा डोळा मिचकावणार, आणि आपण शपथ घेऊन सांगितलं तरी कोण ऐकणार? पुन्हा दिलेलंच.

"मॅडम, उचला," सूत्रसंचालक कुजबुजला.

तिने बोटांना लागला तो उचलला. पिळून उघडला. आतली पट्टी उलगडली. पट्टी तिने आधी स्वतः वाचली, मग लोकांकडे धरली, मग माईकमध्ये म्हणाली, "काठमांडू."

हॉलमधून 'अरेरे' असा लांबलचक आवाज निघाला. पत्रिकांचा वारा थांबला. मग चांगुणा खुर्चीवरून उठली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली, "येऊ द्या!"

पाठोपाठ सगळ्या उठल्या. "येऊ द्या! येऊ द्या!" श्रीलंकेच्या बाईंना शब्द कळले नाहीत, पण त्या हसल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. मग हॉलला वाजवाव्याच लागल्या. संजनाला भीती वाटत होती, खरीखुरी भीती, आणि तरीही तिला गाल दुखेपर्यंत हसू येत होतं.

सोडत आटोपली. लोक कुल्फीकडे धावले. अण्णांनी तिला पुन्हा स्टेजमागच्या खोलीत गाठलं. शाल अजून खांद्यावरच होती. संजना त्यांच्या ओरडण्याची वाट पाहत राहिली, पण ते खुर्चीत बसले आणि शालीच्या टोकाने मान पुसू लागले.

"सत्यानाश केला सत्कारांनी," ते म्हणाले. "दीड तास! त्यात लाइट गेले. चेंडू गरम झाला असणार. झाला ना?"

संजनाने तळवा उघडून पाहिला.

"तसंच असणार. तुला तरी कसं कळणार मग? समितीतल्या दोघा-तिघांना बेत माहीत होता, ते मला विचारतायत, बाईने मुद्दाम केलं का म्हणून. मी सांगतो त्यांना. तिची काही चूक नाही, गार लागलाच नाही तिला. तू फक्त हो म्हण, बाकी मी बघतो. तुझी जागा कुठे जात नाही."

ते मनापासून बोलत होते. एक मान हलवायची होती. मुली तिच्याच राहणार होत्या, आणि शिवाय ते खरंही होतं. बाहेरून चांगुणाचा आवाज येत होता; काठमांडूच्या त्या उंच बचावपटूला कुणी अडवायचं यावरून त्यांची आत्ताच भांडणं सुरू झाली होती.

संजनाने गळ्यातली सत्काराची शाल काढली, घडी घातली आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवली.

"नाही अण्णा," ती म्हणाली. "चांगला गार होता. हाताला लागला, म्हणूनच सोडला."