टाळ्या नकोत, वर या

मित्रांनो, माझं अंग पितळेचं आहे आणि मला शब्द एकच येतो. मी एक जुनी घंटा आहे, मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर कप्तान थॅचरच्या घरात, स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेली. वरच्या खोलीत पलंगाशेजारची दोरी ओढली की भिंतीतली तार मला हलवते आणि खालचं माणूस वर धावतं. निदान धावायला हवं.

नवी होते तेव्हा माझा मोठा मान होता. पुढे कप्तानाची धाकटी लेक ड्रुसिला क्षयाने अंथरुणाला खिळली. ती सारखी दोरी ओढायची. घरच्यांना कटकट झाली आणि त्यांनी माझ्या लोलकाला चिंधी गुंडाळली. त्या हिवाळ्यात मी मुक्यानेच हलत राहिले. मग एका सकाळी हलायची थांबले. ते आठवलं की अजून माझं पितळ गार पडतं.

पुढे कित्येक वर्षं माझ्यावर जाळी धरली. आता माझी चिंधी निघाली आहे आणि हे घर बघायला लोक येतात. ऑक्टोबरात पायरीवर भोपळ्यांचे दिवे लागले, की त्यांना भूतच हवं असतं. घर दाखवणारी लोरेटा कप्तानाने बायकोला कुऱ्हाडीने मारल्याची गोष्ट सांगते. सगळी थाप! ड्रुसिलाचं नावही कोणी घेत नाही. गोष्ट रंगात आली, की दाराआड लपलेला तिचा मदतनीस कर्टिस मला बांधलेला, मासे धरायच्या गळाचा बारीक दोरा ओढतो. लोक किंचाळतात, मग टाळ्या वाजवतात.

गेल्या हॅलोविनच्या संध्याकाळी वरच्या खोलीतून लोरेटा म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी दिवा मालवून आलेच." माणसं खाली स्वयंपाकघरात आली आणि मी वाजले.

"वा! काय वेळ साधलीय!" कोणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या.

दाराआड कर्टिसच्या हातात दोरा सैल लोंबत होता. त्याची पाचावर धारण बसली. मी पुन्हा वाजले, पण ओढ आता क्षीण होती. मित्रांनो, वर माणूस आहे, जिवंत माणूस, हे मला ओरडून सांगायचं होतं. पण माझा शब्द एकच.

कर्टिस दाराआडून बाहेर आला. "अहो, मी नाही वाजवली! देवाशपथ!"

"काय सोंग करतो लेकाचा!" लोक खदखदून हसले.

तिसऱ्यांदा मी जेमतेम किणकिणले. कर्टिसने जिन्याकडे पाहिलं. भूत असेल, असंच त्याला वाटत होतं. तरी तो वर गेला.

लोरेटा पलंगापाशी कोसळली होती. तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं, मुठीत दोरी होती. अर्धांगवायूचा झटका. ती वाचली, कारण तो घाबरत का होईना, वर गेला.

गळाचा दोरा त्याच दिवशी चुलीत गेला. मित्रांनो, मदतीची हाक गंमत म्हणून देऊ नका. आणि कोणाची हाक आली, तर ती खरी की खोटी हे खाली बसून ठरवू नका.

आता नोव्हेंबर आहे. पाहुणे येत नाहीत, कर्टिस एकटाच झाडलोट करतो. कधीकधी वर कोणी नसताना माझी तार ताणली जाते आणि मी किणकिणते. ती ओढ मी ओळखते, चिंधीच्या त्या हिवाळ्यातली. कर्टिस झाडू भिंतीला टेकवतो, जिना चढतो, रिकाम्या पलंगाशी खुर्ची ओढून बसतो आणि हळूच म्हणतो, "आलोय बरं. काय हवं?"