सात नंबर आणि अकरा नंबर

गोवा राज्य झालं त्याच वर्षी तारा विद्यापीठात लागली, प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून. नार्व्याहून दोन फेरीबोटी आणि एक बस करून ती रोज विद्यापीठाच्या पठारावर पोचायची. पुढे संगणक केंद्र निघालं तेव्हा त्यातलं कुणालाच काही कळत नव्हतं. तिलाही नव्हतं, पण तिने हात घातला. परीक्षा विभागाची पहिली केबल टाकताना जांभ्या दगडात खणलेल्या चरात ती साडी खोचून उतरली होती. कुठल्या इमारतीची केबल कुठून जाते, कुठे उंदीर कुरतडतात, वीज कडाडली की केबली जोडायचा कुठला स्विच आधी जळतो, हे सगळं तिच्या डोक्यात होतं.

गौरेश आला तो शिकाऊ म्हणून. धारगळचा पोर, नुकताच इंजिनिअर झालेला. केबलच्या आठ रंगीत तारा कुठल्या क्रमाने लावायच्या, हे ताराने त्याला शेजारी बसवून शिकवलं. दोन वर्षांनी नेटवर्क अधिकाऱ्याचं पद निघालं. त्या पदासाठी इंजिनिअरची पदवी लागत होती. ताराकडे नुसती बीएस्सी होती, गौरेशकडे ती पदवी होती; पद त्याला मिळालं.

त्याला काचेची केबिन मिळाली, दारावर नावाची पाटी लागली. पूर्वी कुठल्याही विभागात नेटवर्क बंद पडलं की फोन यायचा, "तारा मॅडम आहेत?" आता विचारायचे, "गौरेश सर आहेत?" फोन ती उचलायची आणि रिसीव्हर त्याच्या हातात द्यायची. सकाळपासून असं किती वेळा झालं, ते ती मोजत बसायची.

तो उद्धट असता तरी बरं झालं असतं. पण तो सगळ्यांसमोर म्हणायचा, "ताराबाय नसत्या तर माका ह्यातलां कायच कळलां नसतां." लोक कौतुकाने तिच्याकडे बघायचे. तीही हसायची, आणि मग दिवसभर त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. घरी जेवताना नवऱ्याने त्याचं नाव काढलं, तरी ती ताट घेऊन उठायची.

जुनी व्यायामशाळा रिकामी झाली होती. सोमवारी गौरेश व्यायामशाळेची सात नंबरची केबल स्विचमधून काढणार होता. शेजारीच अकरा नंबरची होती, परीक्षा विभागाची. शुक्रवारी दुपारी तो जेवायला गेला आणि तारा सर्व्हरच्या खोलीत एकटी राहिली. दोन्ही केबलींना दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठ्या तिच्याच अक्षरातल्या होत्या. तिने त्या सोडल्या आणि अदलाबदल करून परत बांधल्या. एकदा तरी त्याचं चुकू दे, सगळ्यांना दिसू दे, एवढंच तिच्या मनात होतं. मिनिटभराचं काम. नंतर तिने हात धुतले आणि डबा उघडला.

सोमवारी गौरेशने चिठ्ठी वाचून सात नंबर काढला, आणि निघाली ती परीक्षा विभागाची केबल. फेरतपासणीचे निकाल लावायच्या घाईत असलेला परीक्षा विभाग जागीच ठप्प झाला. केंद्राचे प्रमुख रघुनाथ सर धावत आले. अकरा नंबरची चिठ्ठी असलेली, म्हणजे खरी रिकाम्या व्यायामशाळेची केबल तर स्विचमध्ये लावलेली दिसत होती, फक्त तिचा दिवा पेटत नव्हता.

"म्हणजे केबल बाहेर कुठेतरी तुटली," गौरेश म्हणाला.

परीक्षा विभागासमोरच नव्या केबलसाठी चर खणणं चाललं होतं. चंदगडकडून आलेली माणसं होती, निवृत्ती नावाचा मुकादम आणि त्याची बायको शेवंता त्यांत होते. सर आणि गौरेश तिकडे गेले, मागोमाग तारा. केबल तुटल्याचं ऐकताच खणण्याचा कंत्राटदार निवृत्तीवर ओरडायला लागला.

"कुदळ मी तिथं मारलीच न्हाई साहेब," निवृत्ती म्हणाला. "पाइप दिसल्याबरोबर हातानं माती काढली. बघा की, ओरखडा तरी हाय का?"

"मग काय आपोआप तुटली?" कंत्राटदार म्हणाला. "उद्यापासून यायचं नाही. सामान उचल."

इतका वेळ मातीच्या पाट्या टाकणारी शेवंता थांबली. तिने पाटी खाली ठेवली आणि चराजवळच्या आपल्या झोपडीकडे जाऊन भांडी एका चादरीत बांधायला लागली.

एवढं होईल असं ताराच्या स्वप्नातही नव्हतं. ती सर्व्हरच्या खोलीत परत आली. चिठ्ठ्या गुपचूप बदलता येत होत्या. केबल पुन्हा लावून 'आलं नेटवर्क' म्हणून सांगताही आलं असतं. पण निवृत्तीवरचा आळ तसाच राहिला असता. ती सरांच्या खोलीत गेली आणि तिने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. मागे गौरेश येऊन उभा राहिला होता, ते तिला उशिरा कळलं.

"चिठ्ठ्या जुन्या होत्या, सर," तो घाईने म्हणाला. "सुटून पडल्या असतील. ताराबाय उगाच स्वतःवर घेतायत."

"सुटल्या नाहीत," तारा म्हणाली. "मी सोडल्या. आणि तू मला वाचवू नकोस."

पाच मिनिटांत परीक्षा विभाग सुरू झाला. सरांनी कंत्राटदाराला फोन केला. तारा चराकडे गेली तेव्हा निवृत्ती गाठोडं डोक्यावर घेऊन निघाला होता.

"तुमचा दोष नव्हता. मी साहेबांना सांगितलंय," ती म्हणाली. "तुम्ही राहा. मला माफ करा."

त्याने गाठोडं खाली ठेवलं. "बाई, मला सगळ्या गड्यांसमोर खोटं ठरवलं. तुम्ही साहेबाला खोलीत सांगितलं. आता ह्यांच्यासमोर सांगा."

ताराने आजूबाजूला पाहिलं. पंधरा-वीस माणसं बघत होती. कंत्राटदार होता, मागून आलेला गौरेशही होता.

"केबल निवृत्तीने तोडली नाही," ती मोठ्याने म्हणाली. "ती तुटलीच नव्हती. गौरेश सरांची फजिती व्हावी म्हणून आतल्या चिठ्ठ्या मी बदलल्या. मला त्यांचा हेवा वाटत होता."

निवृत्तीने मान हलवून कुदळ उचलली. शेवंताने मात्र ताराकडे पाहिलंही नाही.

आठवड्याने ताराची बदली ग्रंथालयात झाली, पुस्तकं देण्या-घेण्याच्या टेबलावर. तिथला संगणक अडला की गौरेशला बोलवावं लागे. तो यायचा, वाकून काम करायचा आणि "झालं, मॅडम," म्हणून निघून जायचा. ताराबाय म्हणणं त्याने सोडलं होतं. एकदा त्याने एक नवीच युक्ती वापरली, जी तिला कधी सुचली नव्हती. तिच्या छातीत जुनी कळ उठली. तो दारापर्यंत गेला तेव्हा तिने हाक मारली.

"गौरेश, ते कसं केलंस? मला दाखव."

तो क्षणभर घुटमळला. मग परत आला आणि शेजारची खुर्ची ओढून बसला.