शिशाच्या पट्ट्या

देवाने मला लहान चण दिली आणि हात झटकले. घरीदारी सगळे मला चिमणा म्हणतात. पण शर्यतीच्या गाडीत याच चणीला सोन्याचा भाव, कारण ड्रायव्हर जितका हलका, तितकी गाडी जोरात. माझा मावसभाऊ लंबू त्याच संघात, तशीच गाडी चालवतो. आडव्या हाडाचा, दाराची चौकट आली की वाकणारा. देखणा तो, हुशार तो, चार लोकांत गप्पा रंगवणाराही तोच. शर्यतीत मात्र तो माझ्या मागे, जेमतेम एका गाडीच्या अंतराने का होईना, पण मागे. तेवढ्यावर मला रात्री छान झोप लागायची.

वजन आटोक्यात ठेवायला तो उपास काढायचा. मी मावशीकडेच वाढलो, त्यामुळे जेवायला आम्ही समोरासमोर. मी दुसऱ्यांदा भात वाढून घ्यायचो, तो काकडी चघळायचा.

"मावशी, भाजी काय फक्कड झालीये!" मी मुद्दाम मोठ्याने म्हणायचो.

गेल्या हंगामात एक शर्यत संपवून गाडी ट्रॅकवरून परत आणताना लंबूची शुद्ध हरपली. पोटात अन्न नाही, अंगात पाणी नाही. गाडी भिंतीला जाऊन भिडली. तो वाचला, पण नियम करणारे हादरले आणि त्यांनी नवा नियम काढला. यापुढे सगळ्या ड्रायव्हरांचं वजन सारखं धरायचं. जो हलका असेल त्याच्या सीटखाली शिशाच्या पट्ट्या बसवून फरक भरून काढायचा, म्हणजे कुणी जेवण सोडणार नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चक्कर येऊन पडलो असतो तर कुणी तोंडावर पाणी मारून घरी पाठवलं असतं. हे महाशय पडले तर सगळ्या खेळाचे नियम बदलले!

त्यात भर म्हणजे संघाला पुढच्या हंगामात एकच गाडी परवडणार होती. मॅनेजरने सरळ सांगितलं, "नव्या नियमाने दोघांची चाचणी घेऊ. जो जोरात, त्याची गाडी."

चाचणीच्या सकाळी मेकॅनिक माझ्या सीटखाली पट्ट्या आवळत होता. "अजून एक लागेल," तो म्हणाला.

"घाल की. लंबूलाच बसव मांडीवर!"

मग आम्हाला वजनकाट्यावर उभं केलं. माझं वजन पट्ट्या धरून, त्याचं नुसतं. काटा दोघांच्याही वेळी एकाच आकड्यावर थांबला. आधी मी गेलो. खोटं कशाला बोलू, इतकी सफाईदार गाडी मी आजवर चालवली नव्हती. एकही वळण हुकलं नाही. उतरलो तेव्हा गाडी आपलीच, असं मी धरून चाललो होतो.

नंतर पट्ट्या काढून त्याच गाडीत लंबू गेला. पहिल्याच फेरीत त्याने माझी वेळ मोडली. दुसऱ्या फेरीत स्वतःची.

"माझ्या फेऱ्यांनी टायर तापलेत ना, म्हणून पकड बसतेय," मी म्हणालो. मॅनेजर लंबूच्या खांद्यावर हात टाकून त्याला ऑफिसात घेऊन गेला.

संध्याकाळी मावशीने दोघांना जेवायला वाढलं. लंबूने दुसऱ्यांदा भात घेतला, तिसऱ्यांदाही घेतला. मावशी कौतुकाने बघत होती.

"बघ ना," ती मला म्हणाली, "उपाशी असायचा तरी तुझ्या मागोमागच यायचा, नाही का रे?"

ती बिचारी सहज बोलून गेली. माझा मात्र घास हातातच राहिला. इतकी वर्षं मी हरवत होतो ते एका उपाशी माणसाला, आणि तेही जेमतेम.

लंबूने भाजीची वाटी माझ्याकडे सरकवली. "चिमण्या, तू पुढे नसतास ना, तर मी कधीच हे सगळं सोडून दिलं असतं. तुला गाठायचं म्हणून टिकलो."

त्याच्या आवाजात जरा टोमणा असता तरी बरं वाटलं असतं. तो मनापासून बोलत होता. मग दोघंही माझ्याकडे बघू लागले. आता मी अभिनंदन करायचं होतं.

मी भाताचा मोठा घास तोंडात कोंबला आणि बराच वेळ चावत बसलो.