पाहुण्यांसाठी थांबवलेली चक्की

माझ्या लेकीला, सुलक्षणाला, पहिला मुलगा झाला त्याच वर्षी आमच्या मळ्यात पवनचक्की उभी राहिली. जेठात नातवाचं बारसं झालं आणि आषाढ लागताना जळगावहून चक्कीचा पाईप आला. एका टेम्पोत पाईप, तीन पाती, शेपूट आणि दोन जड बॅटऱ्या.

आमचं घर सोनगीरच्या बाहेर, टेकाडावर, शेतातच आहे. विजेचे खांब नाल्यापलीकडे येऊन थांबले ते थांबलेच. मध्ये जंगलाचा पट्टा आहे, त्यातून तार ओढता येईना. सोलरच्या पाट्या दोनदा बसवल्या आणि दोन्ही वेळा चोरांनी नेल्या. आम्हाला अंधाराची सवय होती. सवय नव्हती ती सून होऊन येणाऱ्या मुलींना. माझा मुलगा योगराज तिशी ओलांडून गेला. शेताला पाणी होतं, पोराला व्यसन नव्हतं. बोलणी व्हायची आणि निरोप यायचा, मुलगा चांगला आहे हो, पण मळ्यात लाईट नाही.

हे त्याच्या वडिलांना फार लागायचं. मोबाईलवर त्यांनी कुणाच्या तरी घरावरची चक्की पाहिली आणि ती डोक्यात घेतली. महामार्गावर, सोनगीरलाच, युसूफभाऊंचं पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग भरायचं दुकान आहे. चक्की त्यांनीच उभी केली. चारी बाजूंनी ताण देऊन, नट आवळून ते खाली उतरले आणि हात पुसत म्हणाले, "जीवरामभाऊ, एक गोष्ट आधीच सांगतो. पोळ्यापर्यंत ही तुम्हाला झोपू देणार नाही, इतकी फिरेल. दिवाळीनंतर मात्र वारा सासरी जातो."

"आणि परत केव्हा येतो?"

"लेकी माहेराला येतात तेव्हा. आखाजीला."

आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. सगळे हसले. हेही हसले. पण त्यांनी ते ध्यानात घेतलं की थट्टा म्हणून सोडून दिलं, मला कळलं नाही.

पहिला बल्ब त्यांनी गोठ्यात लावला. म्हणाले, "ढोरांच्या पायात काही साप-किरडू आलं तर दिसलं पाहिजे." मग स्वयंपाकघरात, मग ओट्यावर. आषाढाचा वारा टेकाडावर असा यायचा की चक्की रात्रंदिवस घोंघावायची. मी त्या आवाजात झोपायला शिकले. हे पारावर बसून सांगायचे, "बठ्ठा घरमा उजेड शे, आनि बिल काहीच नही!" बघायला माणसं यायची. मी चहा करून करून थकायची, पण बरं वाटायचं. इतक्या वर्षांत त्यांना असं मान वर करून चालताना मी पाहिलं नव्हतं.

दिवाळीत एरंडोलकडचं स्थळ आलं. मगनभाऊंची मुलगी, कामिनी. योगराज पाहून आला आणि नुसता गालात हसत राहिला. तेव्हाच मी समजले. मग मुलीकडच्यांनी घर पाहायला यायचं ठरलं, तुळशीचं लग्न झाल्यावर. आमच्यात घर पाहायला येतात तेव्हा मुलाकडे कुणी बघत नाही. त्या दिवशी घरच नवरदेव असतं.

आणि नेमका वारा पडला. पाती उभीच्या उभी. त्यांच्यावर होले येऊन बसायला लागले.

योगराज म्हणाला, "बाबा, सांगून टाकू ना. थंडीत कमी चालते म्हणून."

"आणि त्यांना काय दाखवायचं? कंदील?"

ह्यांनी दोन्ही बॅटऱ्या काढल्या आणि युसूफभाऊंकडे भरायला नेल्या. युसूफभाऊंनी भरून दिल्या, पण म्हणाले, "भाऊ, पाहुण्यांना खरं सांगा. वारा काय तुमच्या घरचा आहे, त्याची लाज कशाची?" हे घरी येऊन मलाच रागावले, जणू ते मी बोलले होते.

पाहुणे दुपारी आले. मगनभाऊ, त्यांची आई, ज्यांना सगळे अक्का म्हणत, आणि कामिनी स्वतः. आताच्या मुली येतात, चांगलंच आहे. ह्यांनी भर दुपारी घरातले सगळे बल्ब लावले होते. पंखा सुरू, टीव्ही सुरू. मला सांगितलं, "शेंगदाण्याची चटणी मिक्सरवर कर. बाहेर ऐकू गेलं पाहिजे." थंडीत पंख्याखाली अक्का पदर घट्ट ओढून बसल्या होत्या.

अक्का दारातून वर बघत म्हणाल्या, "माय वं, पाता तं उभाच शेत. मंग हाऊ पंखा कसा फिरी राहिना?"

ह्यांचं उत्तर तयारच होतं. "आवाज फार करते ना. तुम्ही येणार म्हणून ब्रेक लावून ठेवलाय."

"असं?" मगनभाऊ उठले. "मग एकदा चालू करा भाऊ. आम्ही कुठे कधी जवळून पाहिली?"

त्यांच्या मनात काही नव्हतं. लहान मुलासारखे ते अंगणात जाऊन उभे राहिले. मागोमाग सगळेच गेले. आता नाही कसं म्हणणार? भिंतीवर ब्रेकचं बटण होतं, हे तिथे गेले आणि दाबलं.

सगळ्यांच्या माना वर. मी वर पाहिलं नाही. पाती हलणार नाहीत हे मला माहीत होतं. मी ह्यांच्याकडे बघत होते. ते बटण दाबत होते, सोडत होते, पुन्हा दाबत होते. आणि तेवढ्यात आतून इन्व्हर्टर टूं टूं करायला लागला. इतकं सगळं एकदम चालवल्यावर बॅटऱ्या किती पुरणार? पंखा मंद होत होत थांबला. टीव्ही गप झाला.

कामिनीने योगराजला सरळ विचारलं, "मग हे सगळं कशावर चाललं होतं?"

योगराजने एकदा बापाकडे पाहिलं. मग म्हणाला, "बॅटऱ्या सोनगीरहून भरून आणल्यात. वारा आता आखाजीलाच येईल."

मग अक्का म्हणाल्या, "माय वं, ही चक्की तं नवरदेवनी गत शे. धक्का दिधाशिवाय हालत नही!"

मगनभाऊ हसले. कामिनी तोंडाला ओढणी लावून हसली, योगराजही हसला. ते हसू वाईट नव्हतं. बायकांचं हसू मला ओळखता येतं. पण हे आत गेले आणि धान्याच्या कोठीमागे जाऊन बसले. मी दोनदा बोलवायला गेले. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "पोटात दुखतंय म्हणून सांग." आमच्याकडे पाहुण्याला फाट्यापर्यंत पोचवायला घरधनी जातो. त्या दिवशी योगराज गेला.

गावात गोष्ट लपत नाही. पारावरून कुणीतरी वारा कुठे गेला म्हणून हाक मारायचं, "जीवरामभो, आज वारा कथा गया?" ह्यांनी पारावर जाणं सोडलं. दूध घालायलाही योगराजला पाठवू लागले.

मगनभाऊंचा फोन यायचा. हे नाव बघायचे आणि मोबाईल उपडा ठेवायचे.

"उचला तरी," मी म्हणायची.

"काय ऐकायचंय? नकारच द्यायचा असेल, आणि वर हसतील."

सोयरिकीचं बोलणं बापाशीच होतं, म्हणून मी स्वतः फोन घ्यायची नाही. योगराज एकदा म्हणाला, "मी एरंडोलला जाऊन येतो." तर म्हणाले, "जा, आणि तिथेच राहा." तो गेला नाही. काही दिवसांनी फोन यायचे थांबले.

चैत्र सरता सरता वारा परत आला. पाहुणे गेल्यावर खरोखरच लावून टाकलेला ब्रेक ह्यांनी काढू दिला नाही. "आता फिरली तर गाव म्हणेल, आता कुणासाठी फिरते." वारा छपरावरून धावायचा, पाती जागच्या जागी थरथरायची, आणि आम्ही खाली कंदिलाच्या उजेडात जेवायचो. गोठ्यात तर तोही नाही.

आखाजीला सुलक्षणा बाळाला घेऊन आली. तिचं सासर एरंडोलकडेच आहे. संध्याकाळी ओट्यावर बसून ती मला म्हणाली, "आई, कामिनीचं लग्न ठरलं. धुळ्यात दिलं."

"असू दे. नशीब तिचं."

"नशीब काय, आई! मगनभाऊ मला भेटले. होकार द्यायलाच फोन करत होतो म्हणाले. अक्कांना तर हे घर फार आवडलं होतं. महिनाभर वाट पाहिली म्हणाले. मुलाचा बाप फोनच उचलेना, तेव्हा कामिनीला वाटलं, आपणच पसंत नाही. ती किती दिवस घराबाहेर निघाली नाही."

योगराज पाण्याची घागर घेऊन येत होता. त्याने सगळं ऐकलं. घागर खाली ठेवली आणि शेताकडे चालायला लागला. हे खाटेवर बसले होते. त्यांनीही ऐकलं. पाठमोऱ्या पोराकडे दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

मग उठले. "ढोरांना चारा टाकून येतो."

अंधारून आलं होतं. मी म्हटलं, "थांबा, ब्रेक सोडते. गोठ्यात उजेड होईल."

"राहू दे. लेक घरी आलीय. उजेडात तिला कुठे तोंड दाखवू?"

कडब्याच्या पेंढीत नाग होता, तो पायाला डसला. हे ओरडले तेव्हा सुलक्षणाने पळत जाऊन ब्रेक सोडला. वर चक्की घोंघावली आणि थोड्या वेळाने गोठ्यातला बल्ब लागला. ते गव्हाणीला टेकून बसले होते, पाय हातात धरून. उजेड तोंडावर आला तसं त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि मान फिरवून घेतली.

शेतातून धावत आलेल्या योगराजने शेजाऱ्याच्या गाडीतून त्यांना धुळ्याला दवाखान्यात नेलं. माझे यजमान जीवराम पुना पाटील आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, अकरा मे दोन हजार चोवीसला, सकाळी धुळ्यात वारले.