जिन्याखालचा वायरींचा डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. डबा म्हटल्यावर तोंडाला पाणी सुटलं असेल, तर गिळून टाका. जिन्याखालच्या भिंतीवर इंटरनेटच्या वायरींसाठी ठोकलेला पत्र्याचा डबा मी, आणि माझ्या पोटात जे आहे ते पाहून तुम्हाला मळमळेल.

नवा होतो तेव्हा मला करडा रंग होता, कुलूप होतं आणि आत मोजक्याच वायरी शिस्तीत बसल्या होत्या. मग कंपन्या आल्या. जो आला त्याने आपली वायर कोंबली, जो गेला त्याने ती तिथेच टाकली. आता माझ्यात जिवंत वायरींपेक्षा मेलेल्याच जास्त. शिवाय चघळलेलं च्युइंगम, चहाचे कागदी कप आणि झुरळांचा भरला संसार. शिसारी येते मला माझीच.

तिसऱ्या मजल्यावर एक शिक्षिका नव्याने राहायला आल्या. ऐकू न येणाऱ्या मुलांना त्या ओठांवरून बोलणं ओळखायला शिकवतात, घरून, व्हिडिओवर. मोबाइलच्या नेटवर चित्र अडकायचं, बाईंचे उघडलेले ओठ उघडेच राहत आणि मुलं नुसती बघत बसत. आवाज त्यांच्या काय कामाचा? पालक कंटाळले. वर्ग बंद पडायची वेळ आली.

बाईंनी कंपन्यांना फोन लावले. सगळ्यांचं एकच पालुपद, "हो मॅडम, तुमच्या भागात आमची सेवा आहे." भागात असून काय उपयोग? बाई काय चौकात बसून शिकवणार होत्या? त्यांची माणसं येत, माझं झाकण उघडत आणि नाक मुरडत. "जागाच नाही हो. या बिल्डिंगमध्ये नाही होणार." घाण यांचीच, आणि नाकाला रुमालही यांचाच!

शेवटी बाईंच्या सासूबाई म्हणाल्या, "कंपन्यांना काय विचारतेस? शेजाऱ्यांना विचार. कोणाचं नीट चालतं ते तेच सांगतील."

दारोदार विचारल्यावर कळलं, की दुसऱ्या मजल्यावर पिवळ्या वायरवाल्या कंपनीचं नेट बिनबोभाट चालतं. याच कंपनीने बाईंना नकार दिला होता! एखादी पिवळी वायर आपल्याही घरात आधीच आली असेल, असं बाईंना वाटलं. सासूबाईंना वर घरात टोक शोधायला ठेवून त्या हातमोजे घालून माझ्यापाशी आल्या आणि एकेक पिवळी वायर हलकेच हलवू लागल्या.

"आई, हललं का काही?"

"नाही गं!"

"आता?"

"अगं, चपलांच्या कपाटामागे वळवळतंय! पाल नसेल तर वायरच!"

वायरच होती. आधीचे भाडेकरू ती तशीच सोडून गेले होते, म्हणजे माझ्यात नवी वायर कोंबायची गरजच नव्हती. कंपनीला हे सांगितल्यावर माणूस मुकाट्याने आला आणि जोडून गेला.

त्या संध्याकाळचा वर्ग माझ्या पोटातून गेला. सगळ्यात लहान मुलगी एकेक अक्षर जपून उच्चारत म्हणाली, "बाई, आज तुमचे ओठ थांबत नाहीत."

मित्रांनो, इतकं स्वच्छ वाक्य झुरळांमधून आणि उष्ट्या कपांमधून गेलं. मला लाज वाटली. जोडणाऱ्याने वायरीचे तुकडे माझ्यातच टाकले होते आणि झाकण सताड उघडं ठेवलं होतं. शी! आपण टाकलेलं आपणच उचलावं, एवढंही माणसांना जमू नये? तुम्ही तरी जिना उतरताना माझं झाकण लावून जा. वर वर्ग चालू असतो.